स्ट्रोकनंतर बाबांचं बीपी सारखं वर-खाली होतंय, मानेची शीरही अरुंद आहे. कोणता आकडा धरायचा?

केतकी०७
नमस्कार. बाबा ७६ वर्षांचे. गेल्या महिन्यात त्यांना स्ट्रोक झाला. उजव्या हातातली ताकद कमी झाली आहे, बोलताना शब्द अडतात, पण समजतं सगळं. तपासण्यांमध्ये मानेतली डावी कॅरोटिड धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली, उजवी ५० च्या आत आहे. ऑपरेशन करून आतला थर काढायचा की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवायचा, यावर लवकरच सर्जनशी बोलणं आहे.

तोवर घरात बीपीवरून वाद चालू आहे. सकाळी उठल्यावर १६८/८४, दुपारी जेवणानंतर ११०/६०, संध्याकाळी पुन्हा १५० च्या पुढे. भाऊ म्हणतो १६० दिसलं की जादा अर्धी गोळी द्यायची, बीपीमुळेच तर झटका आला. आई म्हणते दुपारी ते अगदी गळून जातात, शब्द आणखी अडतात, तेव्हा आहे ती गोळीच कमी करा. डॉक्टरांनी "१३० च्या आसपास ठेवा" असं सांगितलंय. पण कधी १७० आणि कधी ९० झालं तरी सरासरी १३०च येते की! हे वर-खाली होणंच धोक्याचं आहे का? आणि मानेची शीर अरुंद असताना बीपी किती खाली आणायचं? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

रानवारा
बाबांना लवकर बरं वाटो. आमच्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं. आमच्या डॉक्टरांचं स्पष्ट मत होतं की स्ट्रोक झालेल्या माणसाचं बीपी जितकं कमी तितकं बरं. भावाचं बरोबर वाटतंय मला.

लंबक
रानवारा यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. २००१ साली 'प्रोग्रेस' नावाचा मोठा अभ्यास आला होता. आधी स्ट्रोक किंवा छोटा झटका येऊन गेलेले सहा हजारांवर रुग्ण, त्यांना बीपी उतरवणारी पेरिंडोप्रिल आणि गरजेनुसार सोबत इंडापामाइड. वरचं बीपी सरासरी ९ नं उतरलं आणि पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. म्हणजे बीपी उतरवण्यात फायदा आहे, यात वाद नाही.

पण केतकी यांचा सरासरीचा प्रश्न फार नेमका आहे. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑक्सफर्डच्या रॉथवेल यांनी यावरच लिहिलं होतं. दर भेटीला वरचं बीपी किती बदलतं हे त्यांनी पाहिलं. सरासरी सारखी असली तरी ज्यांचा आकडा जास्त हलतो त्यांना स्ट्रोकचा धोका जास्त, असं निघालं. त्यात औषधांचाही फरक दिसला: अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीच्या गटात आकडा स्थिर राहिला, अ‍ॅटेनोलॉल या दुसऱ्या गोळीच्या गटात जास्त हलला. त्यामुळे 'सरासरी ठीक आहे ना, मग झालं' हे पुरेसं नाही.

समईप्रकाश
भावाला ती जादा अर्धी गोळी आधी थांबवायला सांगा. आमच्या आत्यांच्या बाबतीत घरातले दर दोन तासांनी बीपी बघायचे आणि आकड्याप्रमाणे गोळी द्यायचे. सकाळी १७० म्हणून जादा, दुपारी ९५ म्हणून संध्याकाळची गाळली, की रात्री परत १८०. गोळीच्या या ये-जामुळेच आकडा नाचत होता. पुढे डॉक्टरांनी दिवसभर टिकणारी एकच गोळी ठरल्या वेळी द्यायला लावली आणि मशीन कपाटात ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांत चढउतार निम्म्यावर आला.

मज्जातंतू
मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. रुग्ण न पाहता औषध सांगणार नाही, पण यामागे काय चालतं ते लिहिते. ते कळलं की घरातला वाद मिटेल असं वाटतं.

मानेतली मुख्य धमनी जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन शाखांत फुटते. एक चेहऱ्याकडे जाते, एक मेंदूकडे. चरबीचा थर बहुधा याच फाट्यावर साचतो. आणि नेमक्या याच जागी, धमनीच्या भिंतीत, बीपी जोखणाऱ्या नसांची टोकं असतात. दाब वाढला की भिंत ताणली जाते, मेंदूला निरोप जातो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तवाहिन्या सैलावतात. दाब घटला की उलट. आपण उठून उभे राहतो तेव्हा चक्कर येत नाही ती या यंत्रणेमुळे. भिंत कडक झाली, तिच्यावर थर बसला, की ती पुरेशी ताणली जात नाही आणि निरोप धड जात नाही. म्हणून मानेच्या धमन्या खराब असलेल्या वयस्कर रुग्णांचं बीपी सहज वर जातं आणि सहज कोसळतंही. केतकी, तुमच्या बाबांचे दोन्ही त्रास बऱ्याच अंशी एकाच जागेशी जोडलेले आहेत.

आता 'किती खाली'. निरोगी मेंदू दाब बराच कमी-जास्त झाला तरी आपला रक्तपुरवठा सारखा राखतो. वर्षानुवर्षं बीपी असलेल्यांमध्ये ही सांभाळण्याची पट्टी वर सरकलेली असते. म्हणजे तरुणाला १०५ वर काही होत नाही, त्यांना होऊ शकतं. त्यात वाटेत धमनी अरुंद असेल, तर तिच्या पलीकडच्या लहान वाहिन्या आधीच पूर्ण रुंदावून बसलेल्या असतात. आणखी रुंद व्हायला जागा नसते. इमारतीत टाकीचा दाब घटला की सगळ्यात वरच्या मजल्याचा नळ पहिला आटतो, तसे मेंदूतले दोन धमन्यांच्या सीमेवरचे भाग आधी उपाशी पडतात.

पण रानवारा आणि लंबक यांचं म्हणणंही खोटं नाही. एका बाजूची धमनी अरुंद असलेल्या बहुतेक रुग्णांना बीपी उतरवल्याचा फायदाच होतो. अपवाद आहे तो दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड ७० टक्के किंवा जास्त अरुंद असलेल्यांचा. २००३ मध्ये जुन्या चाचण्यांतल्या रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. त्यात या गटात बीपी कमी असलेल्यांना स्ट्रोक जास्त झाले. तुमच्या बाबांची उजवी बाजू बरी आहे, म्हणजे ते या गटात येत नाहीत. तरीही दुपारी १००-११० ला शब्द आणखी अडत असतील तर ते लक्षण म्हणून डॉक्टरांना सांगायलाच हवं. बीपी उतरवायचं, पण हळूहळू, काही आठवड्यांत. एका दुपारी नव्हे.

अनघड
मज्जातंतू, मनापासून आभार. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

फिजिओताई
स्ट्रोकच्या रुग्णांसोबत रोज काम करते. जेवण झाल्या झाल्या व्यायामाला बसवलेले आजोबा-आजी मान टाकतात, पाय लुळा पडतो, डोळे मिटतात. घरचे म्हणतात 'आळस करतात', 'मनावर घेत नाहीत'. बीपी लावून बघावं तर ९५. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं आणि म्हातारपणी शरीर ते सावरायला कमी पडतं. माणूस आळशी नसतो हो, त्याच्या मेंदूला त्या क्षणी रक्त पुरत नसतं. व्यायाम जेवणाआधी ठेवा किंवा दीड-दोन तासांनी. जेवण थोडं थोडं, जास्त वेळा द्या.

उठवतानाही आधी पलंगावर बसवा, पाय खाली सोडून घोटे हलवायला लावा, मगच उभं करा. पाणी पुरेसं जातंय का बघा. गिळायला त्रास असेल तर लोक ठसक्याच्या भीतीनं पाणी देतच नाहीत आणि मग बीपी आणखी पडतं. अशा वेळी गिळण्याची तपासणी करून घ्या.

पैलतीर
आमच्या घरी वेगळंच झालं. वडील उभे राहिले की डावा हात थडथड उडायचा, अर्धा-एक मिनिट. बसले की थांबायचं. आधी सगळ्यांना फिट वाटली, फिटच्या गोळ्याही सुरू झाल्या, उपयोग शून्य. शेवटी एका डॉक्टरांनी मानेचं डॉपलर (धमन्यांची सोनोग्राफी) करायला लावलं. उजवी कॅरोटिड जवळजवळ बंद होती. ऑपरेशननंतर हात उडणं थांबलं.

मज्जातंतू
पैलतीर, फार मोलाची नोंद. अरुंद धमनीच्या विरुद्ध बाजूचा हात किंवा पाय उभं राहिल्यावर असा उडणं, हे मेंदूला रक्त कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. याला फिट समजलं जातं किंवा कंपवात. घरच्यांना दिसलं तर मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. आमच्यासमोर ते क्वचितच घडतं.

लंबक
केतकी, तुमचे आकडे उभ्यानं घेतलेत की बसून?

केतकी०७
सगळे बसून. उभ्यानं कधीच घेतलं नाही. कुणी सांगितलंच नव्हतं.

मज्जातंतू
तेच घ्या. पाच मिनिटं आडवं झोपवून एक नोंद, मग आधार देऊन उभं करायचं, एका मिनिटानं एक आणि तीन मिनिटांनी एक. वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरलं तर ते उभं राहताना बीपी पडणं. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला ही नोंद सर्वात महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच बहुतेकांच्या वहीत नसते. धरायला दुसरं माणूस हवं. चक्कर आली तर लगेच झोपवा, आकड्यासाठी थांबू नका.

बाकी वेळी बसून मोजताना पाठीला टेका, दोन्ही पाय जमिनीवर, पाच मिनिटं शांत बसणं, हात हृदयाच्या पातळीला. लघवी तुंबलेली असताना किंवा बोलताना घेतलेली नोंद वर येते. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिट सोडून दोनदा, असं आठवडाभर लिहा. दर तासाला नको.

आणि एकदा दोन्ही हातांवर घ्या. ज्यांच्या मानेच्या धमन्या अरुंद असतात त्यांच्या हाताकडे जाणाऱ्या धमन्याही कधी अरुंद असतात. मग एका हातावर १५-२० कमी दिसतं. सकाळी एका हातावर आणि दुपारी दुसऱ्यावर मोजलं, तर नुसत्या त्यानंही आकडा हलल्यासारखा वाटेल. जास्त येणारा हात धरायचा, पण लुळ्या पडलेल्या हातावर मोजायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रानवारा
आमच्याकडे सासरे पट्टा बांधला की घरातल्या सगळ्यांना हातानं खूण करून गप्प बसवतात. पाच मिनिटं नातवंडंही श्वास रोखून बसलेली असतात. आता कळलं की ते बरोबरच करतात. :-)

समईप्रकाश
इतर गोळ्याही तपासा. आत्यांच्या यजमानांना प्रोस्टेटची टॅमसुलोसिन चालू होती. बीपीच्या डॉक्टरांना तिची कल्पना नव्हती, मूत्ररोगतज्ज्ञांना बीपीच्या गोळ्यांची. रात्री बाथरूमला उठले की तोल जायचा. सगळ्या गोळ्या एका कागदावर आल्या तेव्हा उलगडा झाला.

मज्जातंतू
+१. कंपवाताच्या आणि झोपेच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनीही असं होतं. आणि नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी काढाच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके विस्कळीत असतील तर घरचं मशीन प्रत्येक वेळी वेगळा आकडा दाखवतं, शिवाय हा विस्कळीतपणा स्ट्रोकचं स्वतंत्र कारण आहे आणि त्याचे उपचार वेगळे.

अनघड
एक बाळबोध प्रश्न. मानेची शीर अरुंद असेल तर हलक्या हातानं मालीश केलं तर मोकळी होते का? ओळखीचे एक जण ठामपणे सांगत होते.

मज्जातंतू
नाही. आणि कृपया करू नका. थर धमनीच्या भिंतीत आतून असतो, बाहेरून चोळून तो जात नाही. उलट त्या जागी दाबलं तर नाडी एकदम मंदावून शुद्ध हरपू शकते, आणि थराचा तुकडा सुटला तर तो थेट मेंदूत जातो. मान झटकन वळवून 'कडक' आवाज काढणारे प्रकारही टाळा.

मुक्तछंद
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. आईचं कोलेस्ट्रॉल रिपोर्टमध्ये नॉर्मल आहे, तरी स्ट्रोकनंतर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्ट्रॉलची गोळी (स्टॅटिन) का? शिवाय डॉपलरमध्ये ७५ टक्के आणि सीटी अँजिओमध्ये ६० टक्के आलंय. कोणतं खरं?

लंबक
टक्क्यांचा घोळ मोजण्याच्या पद्धतीचा असू शकतो. कॅरोटिडच्या ऑपरेशनवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतल्या चाचणीत अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी धमनीशी केली, तर युरोपातल्या चाचणीत त्याच जागी धमनी मुळात किती रुंद असेल त्याच्याशी. त्यामुळे युरोपी पद्धतीचे ७० टक्के हे अमेरिकी पद्धतीचे साधारण ५० भरतात. आज बहुतेक ठिकाणी अमेरिकी पद्धत चालते, पण रिपोर्टवर पद्धत लिहिली आहे का ते विचारा.

मज्जातंतू
लंबक यांनी छान सांगितलं. शिवाय डॉपलर टक्के थेट मोजत नाही, रक्ताच्या वेगावरून अंदाज बांधतं. धमनीत कॅल्शियम जास्त असेल तर त्याची सावली पडते. म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी बहुधा दुसरी तपासणी करतात.

स्टॅटिन फक्त आकडा उतरवायला नसतं. थरावरचं आवरण घट्ट राहावं, तो फुटू नये, हाही हेतू असतो. धमन्यांच्या थरामुळे स्ट्रोक झालेल्यांत एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) ७० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. प्रयोगशाळेच्या कागदावरचं 'नॉर्मल' निरोगी माणसासाठी छापलेलं असतं. मनानं गोळी बंद करू नका.

केतकी०७
सगळ्यांचे मनापासून आभार. मज्जातंतूंनी सांगितल्याप्रमाणे झोपून आणि उभ्यानं घेतलं. झोपून १५६, उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १२२. भावानं स्वतः वही डॉक्टरांकडे नेली. त्यांनी जादा अर्धी गोळी पूर्ण बंद केली, थोडा वेळच टिकणाऱ्या दोन गोळ्यांऐवजी दिवसभर टिकणारी एक दिली, आणि 'घरी आकडा बघून काहीही बदलायचं नाही' असं लिहून दिलं. आता सर्जनची भेट उद्या आहे. ऑपरेशन की स्टेंट, काय विचारू त्यांना?

मज्जातंतू
लंबक यांनी सांगितलेली अमेरिकेतली चाचणी १९९१ ची. ७० ते ९९ टक्के अरुंद आणि लक्षणं असलेले रुग्ण. नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक २६ टक्के लोकांना झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्के. तेव्हाची औषधं आजच्याइतकी चांगली नव्हती, तरीही बाबांसारख्या रुग्णात धमनी मोकळी करण्याकडे कल असतो तो यामुळे. सर्वाधिक फायदा लक्षणांनंतर पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. तो काळ उलटला असला तरी ७० च्या वर असेल तर फायदा उरतो, मात्र आणखी लांबवू नये.

स्टेंट आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या २०१० च्या 'क्रेस्ट' चाचणीत स्टेंटच्या गटात प्रक्रियेच्या वेळचे स्ट्रोक जास्त, ऑपरेशनच्या गटात हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. साधारण सत्तरीच्या पुढे ऑपरेशन उजवं ठरलं. पण हृदय फार कमजोर असेल, मानेला आधी किरणोपचार झाले असतील, तर स्टेंटचा विचार होतो.

त्यांना हे विचारा: तुमच्या हातून अशा किती प्रक्रिया होतात आणि त्यात स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण किती? चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. आणि नंतर बीपी कोण सांभाळणार हेही विचारा. स्टेंट त्याच नसांच्या टोकांवर दाब देतो, त्यामुळे नाडी मंदावून बीपी काही तास, कधी एक-दोन दिवस खाली राहू शकतं. ऑपरेशननंतर उलट चढू शकतं. वर्षानुवर्षं कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूत अचानक भरपूर रक्त गेलं तर त्याच बाजूला तीव्र डोकेदुखी, फिट, क्वचित रक्तस्रावही होतो. घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशी डोकेदुखी झाली तर वाट बघू नका. आधी सांभाळून उतरवायचं म्हटलेलं बीपी, धमनी मोकळी झाल्यावर मात्र काटेकोर ताब्यात लागतं.

रानवारा
म्हणजे 'जितकं कमी तितकं बरं' हे सरसकट नाही तर. सासऱ्यांची दुसरी बाजू कधी तपासली होती ते जुन्या कागदांत शोधते. उभ्यानंही मोजते.

फिजिओताई
केतकी, ऑपरेशन ठरलं तर आत्ता चालू असलेले हाताचे व्यायाम बंद करू नका, फक्त श्वास रोखून जोर लावायला लावू नका. बद्धकोष्ठता असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला, कुंथताना बीपी झपकन चढतं आणि मग पडतं.

मुक्तछंद
धागा वाचताना एक आठवलं. माझ्या मावशीला परवा एका डोळ्यापुढे वरून पडदा पडल्यासारखं काळं झालं. पाचेक मिनिटांत नीट दिसायला लागलं. बीपी १७५ होतं म्हणून तिच्या मुलानं जिभेखाली गोळी दिली. आता ती बरी आहे. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ म्हणतात.

मज्जातंतू
पुढच्या आठवड्यात नाही, आज. आत्ता फोन करा.

एका डोळ्यापुढे असा पडदा येऊन जाणं हा त्याच बाजूच्या कॅरोटिडमधून सुटलेला सूक्ष्म तुकडा असू शकतो. दिसायला लागलं म्हणजे धोका टळला असं नाही, पहिल्या काही दिवसांतच मोठा स्ट्रोक येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. जिथे सीटी किंवा एमआरआय आणि मानेच्या धमन्यांची तपासणी होते अशाच ठिकाणी न्या.

आणि जिभेखाली गोळी पुन्हा देऊ नका. अशा वेळी चढलेलं बीपी बहुधा मेंदूला रक्त पोचवण्यासाठीच चढलेलं असतं. रुग्णालयातही गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत बहुधा हात लावत नाहीत, द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतात, तेही देखरेखीखाली. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळणं यांपैकी काही झालं तर घड्याळ बघून वेळ लिहा, कारण ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, रक्त पातळ करणारी एखादी असेल तर ती सगळ्यात वर लिहा.

मुक्तछंद
मावसभावाशी बोललो. गाडी काढतोय. यादी मावशीच्या सुनेनं लिहायला घेतली आहे.